मुंबईहून क्रूझ की सिंगापूरहून? बॅग कोणती भरायची ते आधी ठरवा

क्रूझची बॅग भरायला घेतली की घरात पहिला प्रश्न येतो, "किती रात्री आहेत?" मग रात्रींवरून कपड्यांचे जोड मोजायचे आणि वर दोन जोड "असू देत" म्हणून टाकायचे. जहाजावर हा हिशेब फारसा कामाला येत नाही. तिथे बॅग दोन गोष्टींवर ठरते. चढता-उतरताना सामान किती तास तुमच्याजवळ नसणार, आणि किनाऱ्यावर उतरून तुम्ही काय करणार. रात्री 3 असोत की 5, फरक पडतो तो दोन टी-शर्टांचा.

आपल्याकडे उबदार हवेच्या क्रूझसाठी बहुतेक दोन बेतांवर चर्चा होते. एक, मुंबईत बॅलार्ड पिअरवरून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजाने गोवा किंवा लक्षद्वीप. दुसरा, विमानाने सिंगापूर गाठून तिथून रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या जहाजाने मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत. दोन्हीकडे घाम, खारं वारं आणि डोक्यावर तळपणारं ऊन. तरी दोन्हींची बॅग एक नाही.

मुंबईच्या बेतात विमान नसतं, त्यामुळे वजनाचा काटाही नसतो. नेमकं तिथेच लोक वाहवत जातात. टॅक्सीच्या डिकीत मावतं म्हणून मोठी ट्रॉली, तिच्यावर दुसरी, शिवाय खाऊची पिशवी. पण कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे 1990 साली नॉर्डिक एम्प्रेस या नावाने सेवेत आलेलं जहाज आहे आणि त्या काळच्या केबिन आजच्या मानाने लहान असतात. चौघांच्या कुटुंबाने एका केबिनमध्ये दोन मोठ्या कडक ट्रॉल्या उघडल्या, की बाथरूमला जाणाऱ्याने कुणाच्या तरी पलंगावरून जायचं. इथे माझं मत पक्कं आहे: माणशी एक मऊ, कापडी, मध्यम बॅग. रिकामी झाली की ती घडी घालून पलंगाखाली सरकवता येते. कडक कवचाची बॅग रिकामी असली तरी तेवढीच जागा अडवते.

सिंगापूरच्या बेतात मात्र कडक ट्रॉली चालेल, किंबहुना तीच बरी. ती विमानाच्या पोटात जाणार, पट्ट्यावर आपटणार, आणि रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवरच्या पलंगांखाली ती सहसा सरकते. शिवाय क्रूझच्या आधी किंवा नंतर लोक दोन-तीन दिवस सिंगापुरात राहतातच, त्यामुळे सामान थोडं वाढतं. तरी जोडप्याला एक मोठी ट्रॉली आणि माणशी एक सॅक पुरते. दोन मोठ्या ट्रॉल्या नेणाऱ्यांची दुसरी ट्रॉली तिथल्या मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानातल्या खरेदीसाठी असते, आणि ते त्यांनी सरळ कबूल करावं.

सॅकबद्दल मात्र दोन्हीकडे तडजोड नाही. बंदरात मोठी बॅग टॅग लावून ताब्यात घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. तोवर पोहण्याचा तलाव उघडा असतो, मुलांना त्यात उतरायचं असतं आणि त्यांचे कपडे जहाजाच्या पोटात असतात. म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये पोहण्याचे कपडे, एक सुका जोड, औषधं, चष्मा, चार्जर आणि सगळी कागदपत्रं ठेवा. पोहण्याचे कपडे म्हणजे नायलॉन किंवा लायक्राचे. सुती बर्म्युडा आणि टी-शर्ट घालून बहुतेक तलावांत उतरू देत नाहीत. सिंगापूरच्या बेतात याच सॅकमध्ये पासपोर्ट आणि व्हिसाची प्रतही हवी. जहाज मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापुरातच येतं, म्हणजे तुम्ही तिथे दुसऱ्यांदा प्रवेश करता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बॅग भरण्याच्याही आधी पाहा. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो. क्रूझच्या पॅकेजमध्ये त्याचं काम कोण करतं आणि ओळखपत्र कोणतं लागतं, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

सुती कपडे की झटपट वाळणारे, यावर घरोघरी वाद होतात. अंगाला सुतीच बरं, हे खरं आहे. पण समुद्रावरची हवा दमट असते, बाल्कनीत कपडे वाळत घालू देत नाहीत आणि घातले तर वारा ते घेऊन जातो. बाथरूममध्ये बहुधा ओढून लावायची एक दोरी असते. तिच्यावर पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट सकाळपर्यंत वाळतो, जाड सुती टी-शर्ट दुपारीही ओलसरच राहतो. मुंबई-गोव्याच्या 2-3 रात्रींच्या फेरीत धुण्याची वेळच येत नाही, तिथे खुशाल सुती न्या. सिंगापूरच्या 4-5 रात्री आणि पुढचे शहरातले दिवस धरले, तर निम्मे कपडे लवकर वाळणारे असावेत. जहाजावरची धुलाई नगावर पैसे लावते. मोठ्या जहाजावर आपलं आपण धुण्याचं यंत्र असेलच असं धरून चालू नका, रॉयल कॅरिबियनवर ते नसतं.

पावसाचं गणित वेगळं आहे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप ही फेरी पावसाळ्यात सहसा नसते. डिसेंबरपासून पुढे छत्रीला हात लावायची वेळ क्वचितच येईल. सिंगापूर मात्र विषुववृत्तापासून जेमतेम 1 अंशावर, तिथे पाऊस बाराही महिने. नाताळच्या सुट्टीत सिंगापुरात भरपूर पाऊस असतो आणि त्याच आठवड्यात फुकेत कोरडं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत फुकेतचा पावसाळा सुरू झालेला असतो. म्हणून या बेतात घडीचा हलका रेनकोट घ्या. छत्री डेकवरच्या वाऱ्यात उलटीच होते.

आता किनारा. खरी निवड इथेच आहे.

लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांच्या किनाऱ्याला मोठं जहाज येऊन लागू शकत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि तुम्ही लहान बोटीने बेटावर जाता. बोटीत चढताना हात मोकळे हवेत, अंगावर पाणी उडणार हे धरायचं. तिथे ट्रॉलीचं किंवा खांद्यावरून घसरणाऱ्या पर्सचं काम नाही. गुंडाळून तोंड बंद करायची वॉटरप्रूफ पिशवी आणि मोबाइलसाठी गळ्यातलं पाउच, एवढं पुरतं. पायात मागून पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा पाण्यात घालायचे बूट घ्या. रबरी चप्पल वाळूत बरी, पण पाण्यात निसटते, आणि प्रवाळाचा तुकडा तळव्याला चिरतो. पांढऱ्या वाळूवरून ऊन उलटं डोळ्यांत येतं, तेव्हा गॉगल आणि काठाची टोपी हवीच. एक गोष्ट आवर्जून सांगतो. बेटावर लोक राहतात, बहुसंख्य मुस्लिम आहेत आणि राहणी साधी आहे. वस्तीत फिरताना अंगभर कपडे ठेवा. दारू बंगारम सोडून इतर बेटांवर चालत नाही. आणि येताना प्रवाळ पिशवीत टाकू नका. वाळूवर पडलेला दिसला तरी वन्यजीव कायद्याने तो उचलून नेणं गुन्हा आहे.

पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागतं. उतरलात की शहर समोर. तिथे पाण्याचे बूट निरुपयोगी, चालायचे बूट हवेत. फुकेतला मोठी जहाजं सहसा पाटाँगसमोर नांगर टाकतात, म्हणजे पुन्हा लहान बोट. त्यामुळे या बेताला पादत्राणांचे दोन जोड लागतात, लक्षद्वीपला एक. वाट चालोंगसारख्या देवळात जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा मोठा पंचा सॅकमध्ये असला की प्रश्न मिटला. फुकेतहून फी फी बेटांकडे बोटीने जाणार असाल तर सनस्क्रीनच्या मागचं लेबल वाचा. थायलंडने 2021 पासून राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन बंद केली आहेत, कारण त्याने प्रवाळाला इजा होते. दंड 1 लाख बाथपर्यंत. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, चेहरा जरा पांढरा दिसेल. लक्षद्वीपलाही तेच न्या, तिथलं प्रवाळही तितकंच नाजूक आहे. आणि मुंबईत विकत घ्या, जहाजावरच्या दुकानात ते महाग पडतं.

संध्याकाळी काय घालायचं यावर बायकांपेक्षा पुरुष जास्त गोंधळतात, असं माझं निरीक्षण. कॉर्डेलियावर वातावरण घरच्या लग्नाच्या आदल्या रात्रीसारखं, कुर्ता-पायजमा कुठेही खपतो. रॉयल कॅरिबियनवर एखादी संध्याकाळ सजून यायची असते. त्यासाठी सूट शिवून घेऊ नका. बंडी आणि कुर्ता, किंवा साधा शर्ट-पँट पुरेसं आहे. मुख्य डायनिंग हॉलमध्ये रात्री हाफ पँट मात्र टाळा. साडी नेणार असाल तर क्रेप किंवा शिफॉन. दोन्ही जहाजांवर घरून नेलेली इस्त्री काढून घेतली जाईल असंच समजा, तेव्हा लिननची साडी आणि लिननचा शर्ट घरीच ठेवा. किटली आणि एक्स्टेन्शन बोर्डचंही तेच. आणि आतला एसी इतका कडक असतो, की बाहेर 32 अंश असले तरी जेवताना शाल लागते. एक पातळ शाल दोन्ही याद्यांत सक्तीची.

खाऊबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपण त्याशिवाय घर सोडत नाही. घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या जहाजावर घेऊ देत नाहीत, कंपनीचं सील असलेली पाकिटं चालू शकतात. मुंबईच्या फेरीत तर जेवण आपलंच असतं, चकलीची गरज कुणाला? सिंगापूरला जाताना दिवाळीच्या डब्यातून अनारसे वगळा: खसखस तिथे नियंत्रित मालाच्या यादीत आहे. गुटखा, खैनी, जर्दा यांना थेट बंदी, व्हेपलाही, च्युइंगगमलाही. काकांच्या खिशातली पुडी मुंबईच्या विमानतळावरच निघू द्या. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना सिंगापुरात आधी परवानगी लागू शकते. मुंबईच्या बेतात औषधांची ही डोकेदुखी नाही, म्हणून वयस्कर आई-वडील आणि त्यांची औषधांची मोठी पिशवी बरोबर असेल तर मी डोळे झाकून मुंबईची फेरी सुचवेन. पोटात ढवळण्याची गोळी मात्र दोन्हीकडे न्या. ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, आणि एव्होमिनने झोप येते, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटच्या रात्रीसाठी एक जोड बाजूला काढून ठेवा. मोठ्या जहाजांवर त्या रात्री ट्रॉली केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि ती थेट सकाळी बंदरात भेटते. रात्रीचा पायजमा अंगावर आणि बाकी सगळं ट्रॉलीत, असं झालं की सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत त्याच पायजम्यात उभं राहावं लागतं. मऊ, मध्यम बॅग असेल तर ती स्वतःच हातात घेऊन उतरता येतं का, ते आदल्या दिवशी रिसेप्शनवर विचारा. बहुधा हो म्हणतात.