टोकियो दाइजिंगूमधील विवाहविधी: तीन पेले, नऊ घोट

माझ्या भाच्याचे लग्न टोकियोच्या इइदाबाशी भागातील टोकियो दाइजिंगू या शिंतो (जपानच्या पारंपरिक धर्माच्या) देवस्थानात झाले. वधू जपानी, वरपक्षाकडून आम्ही सात जण पुण्याहून गेलो होतो. देवापुढे लागणारे लग्न ही जपानची फार जुनी चाल असावी, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १९०० साली युवराज योशिहितो यांचा विवाह देवासमोर झाला आणि त्या धर्तीवर पुढच्याच वर्षी या देवस्थानाने सर्वसामान्यांसाठी असा विधी सुरू केला. त्यापूर्वी लग्ने बहुधा घरीच लागत.

विधी जेमतेम अर्ध्या तासाचा, पण कुठेही घाई नाही. शुद्धीकरण आणि पुरोहिताची प्रार्थना झाल्यावर ‘सान-सान-कुदो’ म्हणजे ‘तीन-तीन, नऊ वेळा’ हा साकेपानाचा विधी येतो, आणि माझ्या मते सारे लग्न त्यातच आहे. लाखेचे तीन तांबडे पेले, एकापेक्षा एक मोठे. देवस्थानाची सेविका, म्हणजे मिको, झारी दोनदा नुसती कलती करते आणि तिसऱ्यांदा साकेची, म्हणजे तांदळाच्या मद्याची, धार सोडते. वधूवरांनीही प्रत्येक पेल्याला दोनदा ओठ टेकवून तिसऱ्यांदा घोट घ्यायचा. डोक्यावरच्या वाताबोशी या पांढऱ्या, टोपडीसारख्या आवरणामुळे वधूचा चेहरा अर्धा झाकलेला होता, तरी पेला उचलताना तिची बोटे थरथरत असलेली मला स्पष्ट दिसली. त्यानंतर भाच्याने हिरागाना या जपानी लिपीत लिहून घेतलेली प्रतिज्ञा एकदाही न अडखळता वाचली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

उणीव होती ती आम्ही ज्या मध्यस्थ संस्थेकडून नोंदणी केली तिच्या कामात. इंग्रजी माहितीपत्रक आदल्या दिवशी देण्याचे कबूल करूनही तिने ते दिले नाही. त्यामुळे शेवटी दोन्हीकडच्या नातेवाइकांपुढे साके आली, तेव्हा मद्याला कधीही न शिवलेली माझी बहीण पेला हातात धरून गोंधळून उभी राहिली. मुलाच्या लग्नात आईवर अशी वेळ यायला नको होती. वधूच्या आईने समोरच्या रांगेतून हे पाहिले आणि स्वतःचा पेला नुसता ओठांना लावून, न पिता, खाली ठेवून दाखवला. बहिणीने तसेच केले.

विधीसाठी मी या देवस्थानाची मनापासून शिफारस करतो. मात्र जपानी न येणारे वऱ्हाड असेल, तर माहितीपत्रक हातात पडल्याखेरीज मध्यस्थाला पूर्ण रक्कम देऊ नये.