ॲडजस्टेबल सस्पेन्शन घ्यावं का? आर्वीकडच्या रस्त्यांवर वापरल्यानंतर

पावसाळा, हिवाळा आणि नवतप्याचा उन्हाळा असे तिन्ही ऋतू या गाडीवर काढले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. गाडीचं नाव देत नाही. प्रश्न कंपनीचा नाहीच. वरच्या मॉडेलला मिळणाऱ्या या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, एवढाच आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. गाडी शेताकडच्या कच्च्या वाटेने, म्हणजे पांदणीने जाते, तालुक्याच्या आणि वर्ध्याच्या डांबरी रस्त्याने जाते, आणि नागपूरचं काम निघालं की विरूळहून समृद्धी महामार्गावर चढते. तिन्ही ठिकाणी मला वेगळं उत्तर मिळालं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. 'ॲडजस्टेबल' म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, बटन दाबलं की गाडी वर उचलली जाणार. ते काम एअर सस्पेन्शनचं. त्यात स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात आणि कंप्रेसर असतो. १९५५ साली सित्रोएनच्या डीएस गाडीने तेल आणि वायूच्या दाबावर गाडी उंच-बुटकी करून दाखवली होती, पण आपल्या बजेटमध्ये मिळतं ते हे नव्हे. आपल्याला मिळतात ते शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे जिरवणारे दांडे, ज्यांच्या आतल्या तेलाची वाट एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह अरुंद किंवा रुंद करतो. वाट अरुंद झाली की शॉकअप कडक, रुंद झाली की मऊ. बटनाने निवडायचे मोड एवढंच ठरवतात: कम्फर्ट म्हणजे मऊ, स्पोर्ट म्हणजे कडक, ऑटोमध्ये गाडी स्वतःच ठरवते. वजन पेलते स्प्रिंग, आणि तिला कुणी हात लावत नाही. म्हणून डिक्कीत बियाण्याच्या थैल्या टाकल्या की गाडी मागून जेवढी बसायची तेवढी बसतेच, मोड कोणताही ठेवा. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, एक मिलिमीटरही वाढत नाही.

पांदणीवर हे पैसे वाया. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून दगडासारख्या होतात, तिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. इतक्या कमी वेगात मऊ काय आणि कडक काय, फरक मला तरी जाणवत नाही. तिथे कामाला येते गाडीची उंची आणि टायर. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काऊन रे, हे बटनं कायले देल्ले मंग?" पांदणीपुरतं त्यांचं म्हणणं अजूनही खोडता येत नाही.

डांबरी रस्त्यावर मात्र चित्र बदलतं, आणि त्याचं कारण आपली माती आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर शाबूत दिसत असलं तरी खालची जमीन दर वर्षी हलते, म्हणून खड्डा नसलेल्या रस्त्यावरही लांबलांब लाटा तयार होतात. साठ-सत्तरच्या वेगात साधी मऊ गाडी या लाटांवर होडीसारखी डोलते आणि मागे बसणाऱ्याला मळमळतं. इथे हे शॉकअप आपली किंमत दाखवतात. सेन्सर गाडीची हालचाल टिपतात, काही मिलिसेकंदांत शॉकअप कडक होतो, आणि लाट संपल्यावर दुसरा-तिसरा हेलकावा येत नाही. आईला प्रवासात उलटीची गोळी घ्यावी लागायची, ती आता डब्यातच राहते. हा फायदा कागदावर मांडता येत नाही, पण आमच्या घरात तो सगळ्यात मोठा ठरला.

एक लक्षात ठेवा: हेलकावा वेगळा आणि दणका वेगळा. धारदार कडेचा खड्डा, किंवा पट्टे न मारलेला गतिरोधक अंधारात अचानक आला, की तो दणका आधी टायर झेलतो. आणि इथेच कंपन्यांची गंमत आहे. ही सोय फक्त वरच्या मॉडेलला, आणि वरच्या मॉडेलला मोठं अलॉय चाक. हिशेब करून पाहा. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचे इंच. २३५/६५ आर १७ टायरची बाजूची भिंत सुमारे १५३ मिलिमीटर, तर २३५/५५ आर १९ ची सुमारे १२९. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, पण रबर जवळजवळ एक इंचाने कमी. म्हणजे महाग शॉकअपने कमावलेलं बुटका टायर गमावतो. आमच्या मोठ्या अलॉयची कड नाल्यावरच्या एका रपट्यावर वाकली, तेव्हा सस्पेन्शन बिचारं कम्फर्ट मोडमध्येच होतं.

समृद्धीबद्दल थोडक्यात. रस्ता काँक्रीटचा, वेगमर्यादा ताशी १२०. लेन बदलताना आणि पुलाच्या सांध्यांवर गाडी जमिनीला धरून राहते, एवढं नक्की. स्पोर्ट मोड मी तिथेसुद्धा फारसा वापरत नाही. ऑटोवर ठेवून विसरून जातो. आणि भर उन्हात तिथे सुरक्षेचा पहिला प्रश्न टायरची हवा आणि टायरचं वय हाच असतो, शॉकअपचा मोड नव्हे.

दुरुस्तीचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड या छोट्या दांड्याचा खडखडाट आला म्हणून गावातल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. लिंक रॉड त्याने बदलला, पण शॉकअपकडे बघून म्हणाला, "भाऊ, याले मी हात नाही लावत. वायर निघाली हाय यातून, काही झालं तं माह्या अंगावर येईन." त्याचं बरोबरच आहे. साधा शॉकअप गळायला लागला तर तालुक्याला मिळतो आणि एका दुपारी बसतो. हा गळाला तर ऑर्डर द्यायची, वाट पाहायची, आणि शॉकअप जोडीनेच बदलायचे असतात, म्हणून पैसे दुप्पट. बुकिंगच्या आधी सर्व्हिस सेंटरला एका शॉकअपचा भाव विचारा, साध्याचा आणि या वायरवाल्याचा, दोन्ही. वॉरंटीत शॉकअपची गळती किती काळ धरली आहे, तेही लेखी घ्या.

मधला मार्गही आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये किंवा सित्रोएनच्या सी५ एअरक्रॉसमध्ये आले तसे शॉकअप, ज्यांना बटन नाही, वायर नाही. शॉकअपची आतली रचनाच अशी की छोटे धक्के आणि मोठे हेलकावे तो वेगवेगळे हाताळतो. वीज नाही, म्हणून बिघडण्याची एक जागा कमी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाल्याच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, गाडी आपल्या रोजच्या लाटांच्या रस्त्यावर न्या, आणि स्टिअरिंग दुसऱ्याला देऊन स्वतः मागे बसा. मागे बसून दोन मोडमधला फरक कळला नाही, तर पैसे देऊ नका.

माझा मावसभाऊ दारव्ह्याकडे असतो, सध्या हाच विचार करतोय. त्याची निम्मी धाव मुरमाच्या रस्त्यावर आणि शेतात. त्याला मी सतरा इंची चाकाचं मधलं मॉडेल घ्यायला सांगितलं. आमची धाव मुख्यतः डांबरावर आणि मागच्या सीटवर आई, म्हणून आम्ही पुन्हा हेच घेऊ, फक्त अलॉय छोटं देतात का ते आधी विचारू.