पंचतंत्र घरात आणल्यावर: मैत्रीत पहिला, प्रामाणिकपणात नापास

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक प्रदर्शनातून पंचतंत्राची एक जाडजूड, गुळगुळीत कागदाची रंगीत आवृत्ती घेतली. थोरली तिसरीत, धाकटा मोठ्या गटात. रात्रीची जेवणं उरकली की एक गोष्ट, हा नेम तेव्हापासून बराचसा टिकलाय. मलपृष्ठावर छापलंय की या गोष्टी मुलांना प्रामाणिकपणा, मैत्री आणि धाडस शिकवतात. इतक्या महिन्यांनी माझं प्रगतिपुस्तक असं: मैत्रीला पैकीच्या पैकी, दादागिरीशी सामना करण्याला निम्मे, आणि प्रामाणिकपणात चक्क नापास.

नापासाचं आधी सांगते. माकड आणि मगरीची गोष्ट घ्या. माकड वाचतं ते ‘काळीज झाडावर राहिलं’ अशी थाप मारून. ससा सिंहाला विहिरीपर्यंत नेतो तोही थाप मारूनच. निळा कोल्हा तर सगळ्या जंगलाला फसवतो, आणि आपण समजतो की तो उघडा पडतो म्हणजे मुलांना धडा मिळाला. आमच्या थोरलीने काढलेला अर्थ असा: “तो कोल्हेकुई करायला नको होता. गप्प बसला असता तर राजाच राहिला असता की!” तिचं काही चुकलं नाही, गोष्ट तेच सांगते. पंचतंत्र हे मुळात नीतिशास्त्र, आणि यातली नीती म्हणजे जगात टिकून कसं राहायचं याची. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पोरांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणं करायचं कबूल केलं होतं, ते राज्य चालवण्यासाठी. खरं बोलावं हे शिकवायचा तो करारच नव्हता. (राजपुत्रांना गृहपाठ आणि कार्टून नव्हतं, म्हणून सहा महिन्यांत जमलं असावं.)

धाकट्याने मात्र बरोबर पकडलं: “माकड खोटं बोललं, तरी ते चांगलं कसं?” यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. जीव वाचवायला मारलेली थाप आणि डबा न खाता ‘संपवला’ म्हणून सांगणं, यात फरक काय? धाकट्याच्या मते डब्यात भोपळ्याची भाजी असेल तर काहीच फरक नाही.

प्रामाणिकपणाची गोष्ट शेवटी सासूबाईंकडून मिळाली, आणि तीही प्राण्यांचीच. महाशिवरात्रीची कहाणी. शिकारी बेलाच्या झाडावर दबा धरून बसलेला, हरिणी म्हणते, पाडसांना भेटून परत येते, मग मार. शिकारी सोडतो आणि ती खरंच परत येते. मागोमाग सगळं कुटुंब येतं, ‘आधी मला मार’ म्हणत. शिकाऱ्याच्या हातून धनुष्य गळतं, आणि ती सगळी आकाशात जातात. अमावास्येची आदली रात्र, चंद्राचा अडथळा नाही, म्हणून मुलांना गच्चीवर नेऊन मृग नक्षत्र आणि खालचा लखलखीत व्याध दाखवला. मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे म्हणजे बाण, हेही मीच सांगितलं. थोरली लगेच म्हणाली, “पण शिकाऱ्याने सोडलं होतं ना? मग बाण कुठून आला?” सासूबाईंनी ‘ती कथा वेगळी’ म्हणून वेळ मारून नेली. पण ‘हरिणी परत आली’ हे घरात मुरलं. ‘पाच मिनिटांत येते’ सांगून खाली खेळायला गेलेली थोरली आता पंधरा मिनिटांत तरी येते.

दादागिरीचा विषय आमच्याकडे पुस्तकी नव्हता. स्कूलव्हॅनमध्ये एक मोठी मुलगी रोज खिडकीची जागा बळकवायची, लहानांच्या बाटल्या भिरकावायची. सिंह आणि सशाची गोष्ट अशा वेळी सगळे सुचवतात. मला ती या कामाला पटत नाही. ससा एकटा आहे, हुशार आहे, म्हणून सुटतो. त्रास सोसणाऱ्या मुलाला ‘तूच काहीतरी युक्ती कर’ म्हणणं म्हणजे त्याच्या दप्तरात आणखी एक ओझं टाकणं. शिवाय धाकट्याचा उपाय तयार होता: विहीर शोधायची.

त्यापेक्षा चिमणी आणि हत्तीची गोष्ट कितीतरी उपयोगी. मस्तवाल हत्ती फांदी मोडतो, अंडी फुटतात. चिमणी रडते, पण रडत बसत नाही, सुतारपक्ष्याकडे जाते. तो माशीला गाठतो, माशी बेडकाला. प्रत्येकाने आपल्याला जमेल तेवढंच करायचं: माशीने कानाशी गुणगुणायचं, बेडकाने खड्ड्याच्या काठावर डरांव करायचं. थोरलीला बेडूक फार आवडला, कारण तो फक्त ओरडतो. व्हॅनमधल्या तिघीचौघींनी मिळून व्हॅनवाल्या काकांना सांगितलं, तेव्हा बोलायचं काम हिच्याकडे होतं. काकांनी जागा वाटून दिल्या. बाटल्यांचा प्रकार बंद झाला, चिडवणं अजून अधूनमधून चालतं. गोष्टीचा शेवट भयंकर आहे: हत्तीचे डोळे फुटतात, तो खड्ड्यात पडून मरतो. मी शेवट बदलला नाही. ‘एवढी शिक्षा हवी होती का?’ एवढंच विचारलं. थोरली म्हणाली नाही, धाकटा म्हणाला हो.

मुंगूस आणि बाळाची गोष्ट मात्र लहानग्यांना इतक्यात नको. धाकटा हुंदके देऊन रडला, आणि ते पान आता टाचणीने बंद आहे.

मैत्रीचं काय सांगू! इथे पुस्तक खरं उतरतं, पण रंगीत आवृत्ती पुरत नाही. वाचनालयातून जुनं संपूर्ण भाषांतर आणलं तेव्हा कळलं की केवढं गाळलंय. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची मैत्री दमनक कोल्हा मोडतो, तेही बोट न लावता. याला सांगतो ‘तो तुझ्यावर उठलाय’, त्याला सांगतो ‘हा तुला मारणार’. मधल्या सुट्टीत ‘ती तुझ्याबद्दल असं म्हणत होती’ हे रोज चालतं, त्यामुळे थोरलीला ही गोष्ट समजावून सांगावीच लागली नाही. आता घरात कोणी चुगली केली की ‘दमनक आला’ म्हणतात. मूळ गोष्टीत बैल मरतो आणि दमनक मंत्री होऊन मजेत राहतो. थोरली खवळली: “त्याला काहीच झालं नाही?” मग तिला सांगितलं की आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने याच गोष्टी ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत आणल्या, त्यात दमनकावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. तो भाग त्यानेच घातला असं मानतात. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही कोणाला तरी हे सहन झालं नव्हतं. थोरलीचं समाधान झालं.

आणखी एक तक्रार. प्रत्येक गोष्टीखाली पिवळ्या चौकटीत तात्पर्य छापलंय. ते वाचलं की मुलं पान उलटतात, विषय संपला. मी चौकटीवर तळवा ठेवते आणि विचारते, चुकलं कोणाचं? कधीकधी उत्तर इतकं लांबतं की झोपायची वेळ टळते.

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी घ्या, पण दुकानात आधी कबुतरांचा राजा चित्रग्रीव याची गोष्ट काढून वाचा. कबुतरं जाळ्यासकट उडून हिरण्यक उंदराकडे जातात, उंदीर राजाचे पाश कुरतडायला पुढे होतो, तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव. आमच्या रंगीत पुस्तकात हे नाहीच, तिथे ‘उंदराने जाळे कुरतडले आणि सर्व कबुतरे आनंदाने उडाली’ एवढ्यात काम आटोपलंय. चित्रग्रीवाचं ते वाक्य असेल ती आवृत्ती घ्या, नसेल तर ठेवून द्या, चित्रं कितीही छान असोत.