छोटी सुरी कुठली घ्यायची: बाजारातली, लोहाराची, स्विस की सिरॅमिक?

मावसबहिणीने रत्नागिरीत ब्लॉक घेतलाय, ट्रॉल्या लागल्या, चिमणी लागली आणि परवा फोन करून विचारते, ताई छोटी सुरी कुठली घेऊ, दुकानात चाळीस रुपयांपासून हजारापर्यंत सगळ्या सारख्याच दिसतात. फोनवर अर्धा तास बोलले तरी संपेना, म्हणून लिहूनच काढते. मोठ्या शेफवाल्या सुऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये हं, ८ ते १० सेंमी पात्याची, हातात वस्तू धरून चालवायची जी असते तिच्याबद्दलच.

आमच्याकडे मालवणला सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "तुका सुरी कित्याक व्हयी? आदोळी काय मोडली?" आदोळी म्हणजे विळी, आणि त्यांचं बरोबरच आहे, नारळ खवायचा, भोपळा कापायचा, मासे कापायचे तर आदोळीला तोड नाही. पण कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा, बांगड्याला चिरा, लसूण, आंब्याची साल आणि मार्च-एप्रिलात ओले काजूगर, हे आदोळीवर करून बघा म्हणजे कळेल. माझ्याकडे चार प्रकारच्या सुऱ्या झाल्यात गेल्या काही वर्षांत, एक कचऱ्यात गेली, तिचंही सांगते.

आधी एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. सगळे म्हणतात स्टेनलेस आहे, गंजणार नाही, आणि मग समुद्राजवळच्या घरात पावसाळ्यात सुरीवर तांबडे ठिपके दिसतात, शेजारी टोपं मात्र चकाचक. कारण असं की चांगल्या टोपाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते गंजत नाही पण कडकही करता येत नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. सुरीला धार हवी म्हणजे कार्बन हवा, आणि कार्बन वाढला की थोडं क्रोमियम त्याच्यातच अडकतं, गंज अडवायला तेवढं कमी उरतं. म्हणजे धार आणि गंज यांचं भांडण प्रत्येक सुरीत असतंच, फक्त तडजोड कुठे केलीय ते बघायचं. आणि आपल्याकडे खारी हवा, मिठाचं पाणी, कोकम, कैरी, त्यामुळे पुण्यातल्या बहिणीची सुरी जशी टिकते तशी आपली टिकेलच असं नाही.

आता बाजारातली, रंगीत प्लॅस्टिक मुठीची. हिच्याबद्दल मला राग नाहीये, पण पातं पत्र्याइतकं पातळ आणि मऊ, पहिल्या आठवड्यात टोमॅटो छान कापते मग सालीवरून घसरायला लागते, आणि घसरली की बोट, कारण बोथट सुरीलाच जोर लावावा लागतो ना. आठवडा बाजारात घेताना मी फ्रिजवरचा लोहचुंबक पर्समधून नेते, हसू नका. पातं चुंबकाला अजिबात चिकटलं नाही तर ते टोपाच्या जातीचं स्टील, धार धरणार नाही, ठेवून द्या. चिकटलं म्हणजे चांगलंच असं मात्र नाही. दातेरी पात्याची मिळते ती जरा बरी, दात असल्यामुळे बोथट झाली तरी टोमॅटोची साल पकडते, पण तिला घरी धार लावता येत नाही आणि आंबा सोलताना साल फाटत जाते, हापूसचे तर तुकडे निघतात. आयुष्यात कधीच दगड हातात धरणार नसाल तर खुशाल हीच घ्या, वापरा आणि बदला.

लोहाराची सुरी म्हणजे माझं प्रेम आणि डोकेदुखी दोन्ही. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाची, भट्टीत तापवून पाणी दिलेली, लाकडी मूठ. ओले काजू फोडायला हिच्यासारखी दुसरी नाही. काजूची हिरवी बी डाव्या हातात धरायची, हाताला आधी खोबरेल चोपडलेलं, टोक खाचेत घालून हलकं दाबायचं आणि पातं जरासं वळवायचं की दोन फाका. चीक उडतो, तो भाजतो, कातडी सोलवटते, म्हणून एका झटक्यात झालं पाहिजे. पातळ पातं इथे वाकतं आणि वाकलं की चीक मनगटावर. लोहाराच्या सुरीचं पातं जाड, टोक ताठ, ती वाकत नाही. पण तीच सुरी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, कापून पाच मिनिटं तशीच ठेवलीत की काळीनिळी होते, आणि कैरीला लोखंडाचा वास लागतो, नवऱ्याला तो लोणच्यात पण लागतो म्हणे. धुतली की पुसायची, पुसली की पावसाळ्यात तेलाचा हात फिरवायचा, जूनमध्ये एक रात्र ओली राहिली तर सकाळी तांबडी. मूठ पण फुगते, रिवेट ढिले होतात आणि फटीत मासळीचं पाणी जातं, तो वास काही केल्या जात नाही. घेताना मूठ धरून पातं आडवं हलवून बघा, जरा जरी कुरकुरली तरी नको.

सिरॅमिकची कचऱ्यात गेली. दिसायला पांढरीशुभ्र, गंजायचा प्रश्नच नाही, कोकम लिंबू काही लागत नाही, भेंडी आणि चिकू तर असे कापायची की बास. मग एक दिवस सवयीने नारळाच्या वाटीत टोक घालून खोबरं सुटं करायला गेले. टक्. टोक खोबऱ्यात. पदार्थ कडक पण ठिसूळ, दाबायला चालतो, वळवायला नाही, आणि आपण कोकणातली माणसं सुरी वळवल्याशिवाय राहू शकत नाही. काटा लागला तर कडेचे टवके उडतात, फरशीवर पडली तर संपलीच, आणि घरच्या साध्या दगडावर धार पण लावता येत नाही, हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो. फळं कापायला वेगळी ठेवणार असाल तर ठीक. (खोबरं काढायला आता एक जुनी बोथट सुरी ठेवलीय, ती या कामाला सगळ्यात भारी आहे.)

राहिली स्विस वाली, म्हणजे विक्टोरिनॉक्सची छोटी, सरळ धारेची. आर्मीच्या चाकूवाली तीच कंपनी, १८८४ पासूनची. सुरुवातीला मला ती खेळण्यातली वाटली, इतकी हलकी, मूठ पण साधी प्लॅस्टिकची. पण पातं धारेपाशी खूप बारीक आहे, आणि कापताना जाणवतं ते हेच, नुसती धार नाही. दुकानात पातं टोकाकडून डोळ्यासमोर धरून बघा, पाठीकडून धारेकडे निमुळतं होत जायला हवं, काही सुऱ्या शेवटपर्यंत जाड असतात आणि फक्त कडेला घासलेल्या, त्या बटाटा कापत नाहीत, फोडतात. स्टील यात मधल्या तडजोडीचं, फार कडक नाही, म्हणून धार महिना-दीड महिन्यात उतरते हे खरं, पण दगडावर पाच मिनिटांत परत येते. मूठ एकसंध, फट नाही, त्यामुळे वास धरत नाही. कोळंबी, बांगडा, आंबा, लसूण सगळं हिच्यावर. पण ओल्या काजूला मी ही वापरत नाही, टोक वाकायची भीती वाटते, आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली तर हिलाही ठिपके येतात, सिंकमध्ये टाकायची नाही.

दगडाचं सांगते, कारण दगड नसेल तर वरचं सगळं फुकट. दोन बाजूंचा घ्या, एक बाजू भरड, एक बारीक, बारीक बाजू हजार नंबरच्या आसपास. सासूबाई पाट्याच्या कडेवर पाजवतात आणि जमतंही त्यांना, मला नाही जमत. दगड भिजवायचा, पातं दोन सेंमी रुंद असेल तर पाठ साधारण अर्धा सेंमी उचलायची, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास कोन होतो, आणि तोच कोन धरून ओढायचं, विरुद्ध बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की पातं उलटायचं. दगड नाहीच मिळाला तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते, तेवढ्यापुरती.

तर माझ्या बहिणीला मी सांगितलं ते असं, एकच घ्यायची तर स्विस वाली सरळ धारेची आणि उरलेल्या पैशांत दगड. काजूच्या बागेत माहेर असेल तर लोहाराची पण, पण ती पुसायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, नाहीतर माझ्याकडे झालं तसं होतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पुसली. तिचं उत्तर आलं, "दगड ट्रॉलीत कुठे ठेवू?"