नवशिक्षकांचा मार्गदर्शन कार्यक्रम: आठ महिन्यांनंतर

बी.एड.चे सराव पाठ घेताना वर्ग शांत का असायचा, ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं. तेव्हा मागच्या बाकावर परीक्षक बसलेले असत! त्यामुळे नवशिक्षकांच्या मार्गदर्शन कार्यक्रमात माझं नाव आलं तेव्हा हायसं वाटलं. ऑनलाइन व्हिडिओ, महिन्याला एक कार्यशाळा आणि दर पंधरवड्याला एक अनुभवी मॅडम माझ्या तासाला येऊन बसणार, असं त्याचं स्वरूप.

व्हिडिओंबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाहिले, प्रश्नावली भरली, प्रमाणपत्र मिळालं. त्यातली मुलं इतकी गुणी की आमच्या सातवी ‘ब’ला दाखवली असती तर हसून लोळली असती. कार्यशाळा बऱ्या, चहापानात जास्त शिकायला मिळालं.

खरा उपयोग झाला तो मॅडमच्या वहीचा. पहिल्या भेटीसाठी मी टाचण तीनदा लिहिलं होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वहीत माझे प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे मी उत्तरासाठी किती सेकंद थांबले, तो आकडा. बहुतेक ठिकाणी एक. मुलांनी विचार करायच्या आत मीच उत्तर सांगून मोकळी! मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं, असं त्या म्हणाल्या. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं मोठी उत्तरं देतात, गप्प बसणारी कमी होतात. पुढचे पंधरा दिवस मला एवढंच काम होतं. तीन सेकंद तोंड बंद.

वाचायला सोपं आहे. अख्खा वर्ग टक लावून बघत असताना करून बघा. पण अपूर्णांकांच्या तासाला असंच थांबले, तेव्हा एकाने ठासून सांगितलं, “छेद मोठा म्हणून अपूर्णांक मोठा.” निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. आधीचा आठवडाभर मी तोच धडा ‘झाला’ म्हणून पुढे सरकत होते.

एका वेळी एकच गोष्ट, ही त्यांची पद्धत मला फार मानवली. पुढच्या खेपेला फळ्याकडे तोंड करून सूचना देण्याची माझी सवय निघाली.

आता तक्रारी. सोळा भेटी ठरल्या होत्या, नऊ झाल्या. मॅडमना स्वतःचं पूर्ण वेळापत्रक सांभाळून हे करायचं. बदली तास लागला की भेट रद्द, आणि चर्चा जिन्यात उभ्या उभ्या. इंग्लंडमध्ये २०२१पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षं मार्गदर्शन मिळतं, शिवाय पहिल्या वर्षी तासांत दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के सूट. आम्हाला सूट सोडाच, कार्यक्रमाचे अहवाल सुट्टीच्या दिवशी भरायचे.

दुसरी तक्रार मोठी. सहाव्या महिन्यापासून मॅडमचे शेरे व्यवस्थापनाकडे जाऊ लागले. लगेच मी हमखास जमणारे धडे त्यांच्या भेटीसाठी राखून ठेवायला लागले. म्हणजे परीक्षक पुन्हा मागच्या बाकावर! मॅडमच्या ते दोन भेटींतच लक्षात आलं. तेव्हापासून त्या फॉर्ममध्ये चार गुळमुळीत ओळी लिहितात आणि वही मला देऊन टाकतात.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन वहीचे. नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या: शेरे कोण वाचतं आणि मार्गदर्शकाचे तास किती कमी केलेत?

मंगळवारी दहावी भेट आहे. मी सातवी ‘ब’चा तास सांगितलाय, मधल्या सुट्टीनंतरचा.