जिप्सीचा अल्टरनेटर वर घेतला: पंधरा महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

गाडी मारुती जिप्सी, 1.3 एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), 2005 ची. शेत गगनबावड्याकडे. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस कसा असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शेतापर्यंत शेवटचे दोन किलोमीटर जांभ्या मातीचा रस्ता, मध्ये एक ओढा आणि रोपलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांनी घुसळलेला लाल चिखल. जिप्सी या सगळ्यातून हसत जाते. रडतो तो अल्टरनेटर.

इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा हा भाग, आमच्याकडे अजून त्याला डायनामोच म्हणतात. या इंजिनाला तो खालच्या अंगाला लटकतो, पुढचं चाक उडवेल तो चिखल थेट त्याच्या जाळीत. 2021 ते 2023 या तीन पावसाळ्यांत मी तो चार वेळा उघडून घेतला. दोनदा कार्बन (आतले झिजणारे ब्रश), एकदा बेअरिंग, एकदा डायोड प्लेट. उघडल्यावर आत वाळलेली लाल माती अशी बसलेली असायची की इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, यात नाचणी पेरा."

जिप्सीला कंपनीचा एसी नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर जिथे बसला असता ती वरची जागा रिकामी. ब्लॉकवर आटे पाडलेली, काहीच न लागलेली भोकं माझ्या गाडीत होती. अल्टरनेटर तिथे न्यायचा असं ठरवलं. तयार ब्रॅकेट मिळाला नाही, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्या मामांकडून 6 मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी कापून घेतली आणि मे 2024 मध्ये बसवला. खर्च नऊशे रुपये. मी खूश. बॉनेट उघडलं की अल्टरनेटर समोर, पाना सरळ लागतो, हात भाजत नाही.

खुशी एवढ्यावरच थांबली, कारण मी एकाच गोष्टीचा विचार केला होता: पाण्यापासून लांब, म्हणून जितका वर तितका चांगला. पण या इंजिनात एकच पट्टा (फॅन बेल्ट) क्रँकची पुली, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असा तिघांना फिरवतो. पंखाही पंपाच्याच पुलीवर. तीन पुल्यांचा त्रिकोण होतो, आणि त्यातला एक कोपरा हलवला की बाकी दोघांचंही गणित बदलतं. अल्टरनेटर खाली बाजूला होता तेव्हा पट्टा पंपाच्या पुलीला चांगला अर्धा वळसा घालून जायचा. मी तो पंपाच्याही वर नेऊन ठेवल्यावर पट्टा पंपाला नुसता खांदा लावून पुढे जायला लागला. सपाटीला कळत नव्हतं. घाट चढताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला, जो या गाडीत मी कधी पाहिला नव्हता.

मी काय करावं? पट्टा घसरतोय, तर ताणा. ताणला. काटा खाली आला, आणि मी स्वतःची पाठ थोपटली. साधारण मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबायला हवा तो पट्टा आता तारेसारखा झाला होता. तो सगळा ताण एका बाजूने धरलेल्या 6 मिलिमीटरच्या पट्टीवर.

जुलैच्या शेवटी रात्री कोल्हापुरातून परत येताना कळे गावाच्या पुढे किंचाळल्यासारखा आवाज आला आणि बॅटरीचा दिवा लागला. जिप्सीवाल्यांचं नेहमीचं गणित असतं: दिवा लागला तर लागू दे, हेडलाइट कमी करू, बॅटरीवर घरी पोचू. इथे ते गणित चालत नाही. पट्टा गेला म्हणजे चार्जिंगबरोबर पाण्याचा पंपही गेला. मी नशिबाने लगेच थांबलो. टॉर्च मारून पाहिलं तर ब्रॅकेट वेल्डिंगच्या अगदी कडेला तडकला होता, अल्टरनेटर मान टाकून बसला होता आणि पट्टा पंख्याच्या मागे गुंतलेला. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणली.

तो तुकडा मी मामांना नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, रागावले नाहीत. "डायनामो वाचवायला गेलास नि पंपाला उपाशी ठेवलंस," एवढंच म्हणाले. मग खडूने फरशीवर तीन गोल काढले, दोरी गुंडाळून दाखवली. अल्टरनेटरचा गोल जसजसा बाहेरच्या बाजूला आणि थोडा खाली सरकवला तसतशी पंपाच्या गोलाला दोरी जास्त वेळ चिकटून राहत होती. पहिला ब्रॅकेट करण्याआधी ही दहा मिनिटं दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरा ब्रॅकेट ऑगस्ट 2024 पासून गाडीत आहे, आणि हा अनुभव खरं तर त्याचा आहे. अल्टरनेटर पहिल्यापेक्षा सुमारे 70 मिलिमीटर खाली आणि बाहेरच्या अंगाला. पट्टी 10 मिलिमीटरची. अल्टरनेटरचा कान (बोल्ट जातो ती जागा) आता दोन पट्ट्यांच्या मध्ये धरलाय, एका बाजूने लोंबकळत नाही. कोपऱ्यात तिरका आधार वेल्ड केलाय. बोल्ट 8.8 ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीचे, नट नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारे. पट्टा ताणायची चंद्रकोरीसारखी पट्टी जुनी वापरता आली नाही, नवीन कापावी लागली. पट्ट्याचं माप दोरीने घेतलं आणि दुकानदाराला विनवून तीन लांबीचे पट्टे घरी नेले, मधला बसला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिन्ही पुल्या एका रेषेत आणण्यात. क्रँकच्या पुलीवर सरळ मोजपट्टी टेकवून अल्टरनेटरची पुली दीड मिलिमीटर पुढे आहे असं दिसलं. दीड मिलिमीटरने काय होतं? दोन आठवड्यांत पट्ट्याची एक कड झिजते आणि बॉनेटच्या आत काळी पूड बसते, हे मी पहिल्या ब्रॅकेटला पाहिलेलं. पातळ वॉशर घालून, काढून, परत घालून एक रविवार गेला.

मग विजेचा घोळ. नवा ब्रॅकेट गंजू नये म्हणून मी हौसेने त्याला रेड ऑक्साइडचे दोन हात दिले होते. हेडलाइट लावले की बॅटरीवर 13.1 व्होल्ट. अल्टरनेटर खराब म्हणून तो परत उघडणार होतो, तेवढ्यात इलेक्ट्रिशियनने मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावलं. 0.6 व्होल्ट. म्हणजे अर्थिंग रंगातून जात होतं, किंवा जात नव्हतं. बोल्टच्या जागा खरवडल्या, अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनाला वेगळी जाड अर्थिंगची वायर दिली. आता हेडलाइट आणि वायपर चालू असताना 14 ते 14.1 मिळतात. चार्जिंगची मुख्य वायरही वाढवून न जोडता बॅटरीपर्यंत अख्खी नवीन 16 चौरस मिलिमीटरची टाकली, फ्यूजसह. ती वायर इंजिन बंद असतानाही जिवंत असते. काम करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, नाहीतर पान्याचं वेल्डिंग होतं. (माझ्याकडे एक 12 नंबरचा पाना आहे, त्याला अजून तो खड्डा आहे.)

आजवर दुसऱ्या ब्रॅकेटवर साडेनऊ हजार किलोमीटर झालेत. 2025 च्या पावसात ओढा किमान चाळीस वेळा ओलांडला असेल. ऑगस्टमध्ये अल्टरनेटर फक्त पाहायला म्हणून उघडला: आत ओलसर धूळ होती, चिखल नव्हता. कार्बन अर्ध्यापेक्षा जास्त शिल्लक. घाटात काटा पुन्हा जुन्या जागी. ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर दर महिन्याला रॉकेलचा बोळा फिरवतो, पुसून घेतो, मग खडू घासतो. तडा असेल तर रॉकेल खडूवर रेघ काढतं. अजून रेघ आलेली नाही.

तक्रारी आहेत. ऑइल फिल्टर आधी सोपा होता, आता अर्थिंगच्या वायरमधून हात घालावा लागतो. पंखा पाणी उडवतो तेव्हा वरच्या अल्टरनेटरवरही शिंतोडे येतात, म्हणून ओढ्यात हळू जायचं ते जायचंच. आणि गाडी पाण्यात जास्त खोल घालता येते असा समज कोणी करून घेऊ नये. हवा ओढायची नळी होती तिथेच आहे, आणि पाणी इंजिनात गेलं तर अल्टरनेटर कोरडा राहून काय उपयोग.

पैशाचा हिशोब: पहिला ब्रॅकेट 900, दुसरा 2,400, वायर, फ्यूज आणि लग (वायरच्या टोकाच्या कड्या) 1,350, शिवाय दोन पट्टे. गाडी ओढून आणायचा खर्च मित्राने घेतला नाही. आधी दर पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार अल्टरनेटरवरच जात होते. तुमची जिप्सी पुण्यात फिरत असेल आणि वर्षातून एकदा ताम्हिणीला जात असेल तर हे करू नका, पावसाळा संपल्यावर एकदा उघडून साफ करून घ्या. दररोज चिखलात जाणाऱ्यांनी करावं, पण आधी दोरी आणि खडू.

परवापासून सकाळी थंड इंजिनाला बारीक शिट्टी येतेय, मिनिटभरात जाते. पट्टा नवीन आहे, रेषाही बरोबर आहे. पहिल्या ब्रॅकेटच्या वेळी मी जो तारेसारखा ताणला होता, त्यात अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगने मार खाल्ला असावा असा संशय आहे. हे की पंपाचं बेअरिंग, ते रविवारी पट्टा काढून दोन्ही पुल्या हाताने फिरवल्यावर कळेल.