ओव्हरक्लॉक करावं की अंडरव्होल्ट?

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, बहुधा जास्त व्होल्टेज देऊन; अंडरव्होल्ट म्हणजे त्याला ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज देणं. प्रोसेसर झिजतो तो नुसत्या वेगामुळे नाही, तर व्होल्टेज आणि उष्णतेमुळे. वेग वाढवला की वीजवापर साधारण त्याच प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेज वाढवलं की वर्गाच्या प्रमाणात. जास्त करंट आणि तापमानामुळे चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात (इलेक्ट्रोमायग्रेशन). मग कालपर्यंत स्थिर चालणारी सेटिंग अचानक क्रॅश व्हायला लागते.

२०११ च्या इंटेल आय५-२५००के या ३.३ गिगाहर्ट्झच्या चिपवर लोकांनी ४.५ गिगाहर्ट्झ वर्षानुवर्षं वापरले, कारण तेव्हा कंपनी वेग वाढवायला बरीच जागा शिल्लक ठेवायची. आता ती जागा बूस्टमध्येच (चिप गरजेनुसार स्वतःहून वेग वाढवते त्यात) संपते. २०२४ मध्ये तर इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही चिप्स ओव्हरक्लॉक न करताही खराब होऊ लागल्या. शेवटी मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या, अपडेट करता येणाऱ्या सूचनांनी) व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत रोखावी लागली. अशा चिपला आणखी व्होल्टेज द्यायचं कशाला?

अंडरव्होल्टमध्ये बूस्ट तसाच राहतो, व्होल्टेज कमी होतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर ही सेटिंग आहे. तापमान उतरतं, पंखा शांत होतो, कधीकधी बूस्टही जास्त वेळ टिकतो. धोका एकच: फार खाली गेलात तर पीसी क्रॅश होतो, क्वचित फाइल बिघडते. चिपला मात्र इजा होत नाही, बायोस (पीसीच्या मूळ सेटिंग्ज) रीसेट केलं की झालं. पण नुसत्या लोड टेस्टवर (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका, पीसी रिकामा असतानाही क्रॅश होऊ शकतो.

रोजच्या पीसीसाठी माझं मत अंडरव्होल्टला. वॉरंटीच्या अटी मात्र दोन्हींसाठी आधी वाचा.